वयाच्या एक्स-रेवर एकच आकडा लिहू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘वैद्यकीय चाचणीत आरोपी सज्ञान असल्याचे निष्पन्न’ किंवा ‘पीडितेचे वय सतरा असल्याचे वैद्यकीय अहवालातून स्पष्ट’ अशी वाक्ये आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात. मी एकतीस वर्षे शासकीय रुग्णालयांत एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, त्यातली बहुतेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत गेली, आणि ज्या फिल्मच्या आधारे अशी वाक्ये लिहिली जातात तशा शेकडो फिल्म माझ्या हातून निघाल्या आहेत. त्या अनुभवाच्या बळावर सांगतो की हाडांच्या एक्स-रेवरून कोणाचेही वय ‘स्पष्ट’ होत नसते. फार तर अमुक वर्षांपासून तमुक वर्षांपर्यंत असा एक पट्टा मिळतो, आणि तो पट्टा झाकून एकच आकडा लिहिला की त्या आकड्यावर एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे पुढचे सगळे आयुष्य टांगले जाते.

हा प्रकार प्रत्यक्षात कसा चालतो ते बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. बहुतेक वेळा दुपारी ओपीडी आवरत आल्यावर पोलीस शिपाई ‘वयनिश्चिती करून मिळणेबाबत’ असे पत्र घेऊन येतो, सोबत महिला कॉन्स्टेबल आणि एखादी गोंधळलेली मुलगी, किंवा मान खाली घातलेला एखादा मुलगा असतो. डॉक्टर केसपेपरवर ओळखीच्या दोन खुणा लिहितात, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात, दात मोजतात, उंची-वजन घेतात आणि मनगट, कोपर, खांदा व कमरेचे हाड यांचे एक्स-रे सांगतात. हात तर मोडलेला नाही, मग फोटो कशाला, असे एका मुलीने मला विचारले होते. तिला कोणीच काही सांगितलेले नव्हते.

वाढत्या वयात लांब हाडाचे टोक आणि मधला दांडा यांच्यामध्ये कुर्चेची पट्टी असते. कुर्चा फिल्मवर उमटत नसल्यामुळे तेथे काळी रेघ दिसते, आणि वाढ संपत आली की टोक दांड्याला जुळते व ती रेघ नाहीशी होते. सगळी हाडे एकाच वेळी जुळत नाहीत. कोपर लवकर जुळते, मुलींत चौदाच्या आणि मुलांत सोळाच्या आसपास. मनगट त्यानंतर, कमरेच्या हाडाची वरची कड अठरा ते एकवीसच्या दरम्यान आणि गळपट्टीचे हाड छातीच्या बाजूला सर्वांत शेवटी, विशी उलटल्यावर. मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे पुढे असतात. कुपोषण, दीर्घ आजार, संप्रेरकांचे दोष यांनी हा क्रम लांबतो किंवा अलीकडे येतो, आणि पूर्ण निरोगी असलेल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांतही फरक पडतो. शिवाय हात किंचित वळलेला असला किंवा एक्स्पोजर जास्त झाले, तर बारीक रेघ फिल्मवर हरवते. हाड जुळल्यावरही त्या जागी एक पांढरी रेघ कित्येक वर्षे राहू शकते आणि घाईत पाहणाऱ्याला हाड अजून जुळायचे आहे असे वाटू शकते. म्हणजे निसर्गाची अनिश्चितता आहेच, त्यात आमच्या यंत्राची, आमच्या हाताची आणि वाचणाऱ्याच्या नजरेची भर पडते.

कायद्याने ही मर्यादा ओळखलेली आहे, हे येथे आवर्जून सांगायला हवे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ नुसार वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला पाहायचा, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची अथवा अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी करायची, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. पीडित मुलीच्या वयासाठीही हीच पद्धत वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जर्नेल सिंह खटल्यात सांगितले. त्याच्याही खूप आधी, १९८२ च्या जया माला निकालात, एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक संभवते, अशी नोंद न्यायालयाने केली होती.

आता कागदाला पहिला मान दिला आहे तो योग्यच, पण आपल्याकडच्या कागदाची गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. ज्यांचा वाढदिवस एक जूनला येतो अशी माणसे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पोरगे शाळेत नेले, गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला आणि हजेरीपटावर एक जून टाकले, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. आजही ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा पालावर जन्मलेल्या आणि दर हंगामात शाळा सुटलेल्या मुलांपाशी दाखला नसतो, आणि एक्स-रेच्या टेबलावर येतात ती प्रामुख्याने हीच मुले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरला आहे, हे चांगलेच झाले. मात्र त्या दिवशी जन्मलेले मूल अठरा वर्षांचे होईल २०४१ च्या ऑक्टोबरात. तोवर हाडांना विचारणे थांबणार नाही, म्हणून विचारायची रीत तरी नीट असावी.

ही चाचणी निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. २००९ साली मुंबईच्या विशेष न्यायालयात कसाब अल्पवयीन असल्याचा मुद्दा त्याच्या वकिलांनी काढला, तेव्हा न्यायालयाने हाडांची आणि दातांची तपासणी करवून घेतली आणि तज्ज्ञांनी त्याचे वय वीसच्या वर असल्याचे सांगितले. जे वय कायद्याच्या रेषेपासून पुरेसे दूर आहे, त्याबद्दल एक्स-रे छातीठोक बोलू शकतो. अडचण येते ती रेषेच्या आसपास, आणि कायद्याच्या रेषा नेमक्या सोळा आणि अठरा या वर्षांवर आखलेल्या आहेत, म्हणजे हाडे जुळण्याच्या ऐन धामधुमीत. अठराच्या आतला आरोपी बाल न्याय मंडळापुढे जातो. सोळा ते अठरामधल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यांकनानंतर त्याचा खटला सज्ञानाप्रमाणे चालू शकतो, सोळाच्या आतल्याचा नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्यात तर मुलगी अठराच्या आत आहे की बाहेर यावरच गुन्ह्याचे स्वरूप ठरते.

वय जास्त झाल्यावर चाचणी केली तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातलेच आहे. १९९४ सालच्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याची २००५ साली वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्याचे वय बावीसपेक्षा जास्त व चाळीसपेक्षा कमी असल्याचा अहवाल आला. अठरा वर्षांचा हा पट्टा वाचून कोणी डॉक्टरांना हसेल, पण मला तो अहवाल प्रामाणिक वाटतो. सगळी हाडे एकदा जुळली की फिल्मवर वाचण्यासारखे फारसे उरत नाही, आणि उतारवयाच्या खुणा दिसू लागेपर्यंत मधली अनेक वर्षे एक्स-रे जवळजवळ मुका असतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून, गुन्ह्याच्या वेळी हा कैदी अवघा साडेबारा वर्षांचा होता असे मान्य केले आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर त्याची सुटका झाली. त्या गुन्ह्यात जे कुटुंब गेले त्याचे दुःख कमी लेखण्याचा येथे प्रश्नच नाही. अटकेच्या वर्षीच त्याच्या मनगटाची आणि कोपराची फिल्म काढून नीट वाचली गेली असती, तर बारा वर्षांचे हाड आणि वीस वर्षांचे हाड यांत कोणाचीही गफलत झाली नसती, एवढेच मला सुचवायचे आहे.

पट्टा लिहिला तरी त्याचे कोणते टोक धरायचे हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो डॉक्टरांचा नसून न्यायालयाचा आहे. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पोक्सोच्या प्रकरणात सांगितले की पीडितेचे वय हाडांवरून ठरवायचे असेल तर अहवालातले वरचे टोक धरावे आणि त्यात दोन वर्षांची संभाव्य चूकही मिळवावी, कारण संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असतो. सोळा ते अठरा असा अहवाल आला तर ती मुलगी या हिशेबाने वीसची होते. उलट आरोपी स्वतः मूल असल्याचे म्हणत असेल तर तोच संशयाचा फायदा खालच्या टोकाकडे झुकतो. एका वयाच्या, एकाच गावच्या मुलामुलीच्या सारख्याच फिल्म, आणि तिला कायदा मोठी समजणार व त्याला लहान. फौजदारी न्यायाच्या तत्त्वात हे बसते हे मला समजते, तरी ज्या सोळा वर्षांच्या मुलीकडे दाखला नाही तिचे संरक्षण असे आकडेमोडीत विरघळून जावे हे मनाला पटत नाही. म्हणूनच पट्टा जितका अरुंद करता येईल तितका करण्याची जबाबदारी वैद्यकीय बाजूवर येते.

आणि तेथेच आपण कमी पडतो. एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही, कारण हा दोष एका ठिकाणचा नव्हता) माझ्यासमोर अहवालावर ‘वय अंदाजे १७ वर्षे’ एवढेच लिहिले गेले. मनगट जवळपास जुळले होते आणि कमरेची कड अजून सुटी होती. सोळा ते एकोणीसमधले कोणतेही वय त्या फिल्मवर शोभले असते. मी धीर करून तरुण डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, ‘काका, कोर्टाला आकडा लागतो.’ त्यांना रेडिओलॉजीचे प्रशिक्षण नव्हते, जवळचा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी होता आणि पोलीस दारात उभे होते. त्यांना दोष देऊन काय मिळणार? ती मूळ फिल्मही पुढे टिकली असेल असे मला वाटत नाही, कारण फिक्सर, म्हणजे फिल्मवरचे चित्र पक्के करणारे रसायन, नीट धुतले गेले नाही की काही वर्षांत फिल्म तपकिरी पडते, आणि उलटतपासणीच्या वेळी वकील, न्यायाधीश आणि दुसरा तज्ज्ञ यांना पाहायला फक्त तो एक आकडा उरतो.

तुलना कोणाशी करायची हाही प्रश्न आहे. मनगटासाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिक आणि पाइल यांचा चित्रसंग्रह अमेरिकेतील सुस्थितीतल्या गोऱ्या मुलांच्या एक्स-रेवर बेतलेला आहे, आणि ते एक्स-रे मुख्यतः १९३० च्या दशकातले आहेत. आपल्या न्यायवैद्यक पुस्तकांत आधार म्हणून येणारा गॅल्स्टन यांचा बंगालमधील अभ्यास १९३७ सालचा. किनवटच्या किंवा धडगावच्या आजच्या मुलाचे हाड या मापांना कितपत जुळते, हे आपल्याच राज्यातल्या मुलांच्या, जन्मतारीख पक्की ठाऊक असलेल्या मुलांच्या फिल्म गोळा करून तपासता येईल. दररोज हात मोडून येणाऱ्या शाळकरी मुलांच्या मनगटाचे एक्स-रे राज्यभर निघतातच. नावे काढून टाकून त्या प्रतिमा वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र केल्या, तर एकाही निरोगी मुलाला विनाकारण किरण न देता आपला स्वतःचा संग्रह तयार होईल. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे टॅनर-व्हाइटहाउस या ठरलेल्या पद्धतीने गुण देऊन वाचते. तेथे चूक झाली तर मुलाचा एखादा हंगाम बुडतो. जेथे चुकीची किंमत तुरुंगवासाच्या वर्षांत मोजायची, तेथे कोणत्या पद्धतीने वाचले हे अहवालात लिहिलेसुद्धा नसते.

जर्मनीतील न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या गटाने शारीरिक तपासणी, हाताचा एक्स-रे आणि दातांचा सलग एक्स-रे एकत्र पाहण्याची, आणि हाताची हाडे पूर्ण जुळलेली असतील तर गळपट्टीच्या हाडाचा सीटी स्कॅन करण्याची शिफारस केली आहे. आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे. निदान सोळा किंवा अठराच्या रेषेजवळची प्रकरणे ग्रामीण रुग्णालयात न संपवता, रेडिओलॉजिस्ट, दंतवैद्यक आणि न्यायवैद्यक असे तिघे बसतील अशा मंडळाकडे जावीत. अहवालात दोन्ही टोके, वापरलेली पद्धत आणि कोणते हाड कोणत्या अवस्थेत दिसले याची नोंद असावी, आणि डिजिटल प्रतिमा खटला संपेपर्यंत जपून ठेवावी. आता बहुतेक ठिकाणी फिल्म धुण्याची गरज उरलेली नाही, तेव्हा हे काम पूर्वीइतके अवघड नाही.

एक गोष्ट मात्र आजच्या आज सुधारता येण्यासारखी आहे. मनगटाच्या एक्स-रेत किरण नगण्य असतात, कमरेच्या एक्स-रेत ते कितीतरी पटींनी जास्त असतात आणि ते थेट ओटीपोटावर पडतात. पोक्सोच्या प्रकरणात आणलेली मुलगी गरोदर असू शकते, कित्येकदा तेच तक्रारीचे कारण असते, आणि तरीही पोलिसांच्या पत्रावर छापील मजकुराप्रमाणे ‘पेल्व्हिस’ लिहिलेले मी पाहिले आहे. अशा वेळी मी डॉक्टरांकडे परत गेलो आणि तो एक्स-रे रद्द करून घेतला. प्रत्येक तंत्रज्ञाला तसे परत जाण्याचा अधिकार लेखी असावा, आणि मुलीला काय करणार आहोत व कशासाठी, हे तिच्या भाषेत आधी सांगितले जावे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. वयाच्या चाचणीची बातमी देताना अहवालात किती ते किती वर्षे लिहिले आहे हे विचारावे आणि दोन्ही आकडे छापावेत. अहवालात एकच आकडा असेल, तर तसेही बातमीत नमूद करावे.

आपला नम्र,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, मराठवाडा