बाबा, रात्री उठून फ्लशचा कॉक बंद करू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, "हे रात्री दोनदा उठतात, फ्लशचा कॉक बंद करायला." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बाबा, तो कॉक भांड्याच्या मागे, पार खाली आहे. झोपेतून उठून ओल्या फरशीवर वाकायचं, त्यात तुमचा गुडघा तसा!

तुम्ही का उठता ते मला कळतं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आपण कपड्यांचं पाणी साठवून संडासात टाकत होतो. ते दिवस काढलेल्या माणसाला फ्लशच्या टाकीतून वाहत राहणाऱ्या पाण्याची सरसर ऐकत झोप कशी लागेल? आणि तुमचं खरंच आहे. मिनिटाला एक पेला, म्हणजे 200 मिली पाणी गेलं, तरी दिवसाला 288 लिटर होतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी साडेतीन दिवसांत रिकामी.

म्हणून नीटच दुरुस्त करू या. दिवसा, उजेडात फ्लशच्या टाकीचं झाकण काढून बघा. मधे एक उभी नळी आहे. पाणी तिच्या तोंडातून आत पडत असेल तर टाकी भरूनही तिच्यात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. फ्लोटपाशी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्यापाशी, स्क्रू आहे, तो थोडा थोडा फिरवून फ्लोट खाली घ्या. नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली पाणी थांबलं पाहिजे. फ्लोट खाली घेऊनही पाणी चढतच राहिलं, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा तो झिजलाय.

पाणी नळीपर्यंत पोचतच नसेल, तर आई, तू शिऱ्यात घालतेस तो केशरी रंग चिमूटभर टाकीत टाक. वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर बुडाचं रबरी वॉशर गेलंय. मला हीच शंका जास्त आहे. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीवरसुद्धा पांढरे थर चढतात, ते वॉशरखाली साचले की ते नीट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. टाकी थोडी रिकामी झाली की व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. रात्री मधेच जो आवाज येतो, तो हाच.

मागे आलेला माणूस अख्खी टाकी बदला म्हणाला होता. ते लगेच ऐकू नका. कित्येकदा लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात वॉशर तासभर ठेवून घासलं तरी काम भागतं. फुगलं किंवा कड वळली असेल तर मात्र नवीनच हवं. टाकीत ॲसिड अजिबात ओतू नका, रबर खराब होतं.

वॉशर काढायचं काम मी शनिवारी आले की करते. बाबा, तुम्ही फक्त टाकीच्या आतला फोटो पाठवा आणि टाकीवरचं कंपनीचं नाव कळवा. म्हणजे येतानाच त्या मापाचं वॉशर आणता येईल. तुम्ही बंद करता तो खालचा अँगल कॉकही घट्ट झालाय, तोही बदलून टाकू.

तोवर कॉक एकदाच बंद करा आणि बंदच राहू द्या. संडासात बादली ठेवा, पण अर्धीच भरा, उचलू नका, मगाने पाणी टाका. आणि रात्री तिथला दिवा चालूच ठेवा.

तुमची,
ताई