लॅबमधल्या फुप्फुसाला आपल्याकडचा धूर दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅबमध्ये वाढवलेल्या फुप्फुसाच्या टिश्यूवर (म्हणजे पेशींच्या थरावर) कॅन्सर करणारे पदार्थ तपासतात म्हटलं की आपल्याकडं कुणी म्हणतं बरं झालं, उंदीर वाचले, आणि कुणी म्हणतं ही परदेशातली थेरं, आपल्याला काय त्याचं. तसं औषधांच्या टेस्टसाठी आपल्या सरकारनं २०२३ मध्येच नियम बदलून असल्या टिश्यूला मान्यता दिलीय. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथं, कामाला आहे, त्यामुळं मला यात आपल्या कामाचंच जास्त दिसतंय.

माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशी बारीक छिद्रांच्या पडद्यावर वाढवतात, खालनं पोषक द्रव आणि वरनं हवा, काही आठवड्यांत त्यांना हलणारे केस फुटतात, कफपण सुटायला लागतो, मग वरनं धूर सोडायचा आणि डीएनएचं काय झालं ते बघायचं. १९९६ मध्ये बेंझोपायरीनवर (सिगारेटच्या धुरात असतं ते) याच धर्तीचं काम झालं, टिश्यूवर नाही पण लॅबमध्ये वाढवलेल्या साध्या पेशींवर. शरीरात त्याचं जे घातक रूप तयार होतं ते माणसाच्या पेशींवर घातलं तर ते पी५३ या (पेशीला कॅन्सरपासून राखणाऱ्या) जीनवर नेमकं तिथंच चिकटलं जिथं फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीत बिघाड सापडतो! उंदरांवरची टेस्ट २ वर्षं चालते, आणि उंदीर नाकानंच श्वास घेतो, आमच्यातला माणूस नॉकआऊटला (साचा फोडून माल बाहेर काढताना) घाम गाळत असताना तोंडानं हवा ओढतो, हा फरक लहान नाही.

आता फौंड्रीतली सिलिका, म्हणजे साच्याच्या वाळूतली, घ्या. सिलिकाची धूळच काय, लोखंड-स्टील ओतायचं कामसुद्धा आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) गट १ मध्ये, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, कधीच टाकलंय. त्याला नवीन टेस्ट कशाला? तिथं एक्झॉस्ट आणि चांगले मास्क पाहिजेत, बस्स. खरी गरज आहे ती मिक्स धुराची. गुऱ्हाळावर चुलवाणात नुसतं चिपाड जळतं असं नाही, कुठंकुठं टायर, प्लास्टिकपण घालतात, आणि आमच्याकडं कोअरमधलं (साच्यात पोकळी ठेवायला घालतात त्या वाळूच्या गाभ्यातलं) रेझिन जळतं ते वेगळंच. चिपाडाचा धूर आणि चिपाड-टायरचा धूर शेजारीशेजारी टिश्यूवर सोडून बघितला तर काही दिवसांत फरक कळेल.

एक मात्र आहे, कॅन्सर व्हायला वीस-वीस वर्षं जातात आणि हा टिश्यू काही आठवड्यांचा, त्यात रक्त नाही, प्रतिकारशक्तीच्या पेशी बहुतेक वेळा नसतातच. म्हणजे नुकसान दिसलं तर ते गंभीर धरायचं, पण नाही दिसलं म्हणून "लॅबनं पास केलंय" असं सांगत कुणी फिरू नये. आणि फिरणार, लिहून घ्या.

शिवाजी विद्यापीठ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं मिळून हे मनावर घ्यावं. टिश्यूची लॅब इथं नसली तर बाहेर पाठवा, पण नमुने गुऱ्हाळाच्या हंगामातच घ्या, आणि ते धुराड्याच्या टोकाला नको, जाळ घालणारा जिथं बसतो तिथल्या हवेचे घ्या.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर