पाचवी ‘ब’ पालक : नव्या बाईंना पत्राची आठवण

नमस्कार पालकहो,

शाळा १५ जूनला उघडतेय आणि वर्गाला यंदा नव्या बाई आहेत. ठरल्याप्रमाणे प्रत्येक मुलाने आपली ओळख करून देणारं पत्र शाळेच्या पत्त्यावर टपालाने पाठवायचं आहे. ५० पैशांचं साधं पोस्टकार्ड चालेल. ८ जूनपर्यंत पेटीत पडलं तर वेळेवर पोचेल. पिनकोडचे सहाही आकडे चौकटींत नीट लिहायला सांगा, तिथेच घाई होते.

वर तारीख, मग ‘आदरणीय बाईंना सादर नमस्कार’, खाली ‘आपला विद्यार्थी’ किंवा ‘आपली विद्यार्थिनी’, नाव आणि तुकडी. एवढी शिस्त पुरे. मधला मजकूर मात्र मुलांचाच हवा. ‘मला क्रिकेट आवडते, मी मोठेपणी डॉक्टर होणार’ असं चाळीस जणांनी लिहिलं तर बाईंना काय कळणार? ‘घरी आम्ही अहिराणी बोलतो’, ‘मागच्या बाकावरून फळा दिसत नाही’, ‘भागाकारात बाकी उरली की माझा गोंधळ उडतो’ असलं काही येऊ द्या. घरी काय नावाने हाक मारतात, तेही. कृपया शेजारी बसून मजकूर सांगू नका, आणि शुद्धलेखनही तपासू नका. (हो, मोह होतो!)

कार्ड उघडं असतं, वाटेत कोणीही वाचू शकतं. आजारपण, औषधं, घरातली अडचण असं काही असेल तर ते पालकांनी बंद पाकिटात वेगळं द्यावं.

पत्र टाकलं की इथे फक्त अंगठा दाखवा. फोटो नकोत, पत्र बाईंसाठी आहे.

– पालक प्रतिनिधी