फार्मसीचे ‘हायेस्ट पॅकेज’ नको, पूर्ण हिशेब द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बी. फार्म.च्या ‘कॅप’ (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या जवळ आल्या की गावोगावी फलक झळकतात : ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘हायेस्ट पॅकेज अमुक लाख’. हे पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते. त्याच वर्गातल्या बाकीच्या ५९ किंवा ९९ जणांचे काय झाले, हे फलक सांगत नाही. पालकांना खरे तर दोनच रकमा हव्या असतात : चार वर्षांत एकूण किती जाणार आणि पुढे महिन्याला हातात किती येणार.

आधी खर्च. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, पण तो आकडा एका वर्षाचा आणि फक्त शिक्षण व विकास शुल्काचा असतो. परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस हे सगळे वेगळे. शिष्यवृत्तीधारकाच्या बाबतीत तर वसतिगृह आणि मेस हाच मोठा खर्च ठरतो. त्यामुळे घरापासून लांबचे ‘स्वस्त’ महाविद्यालय अनेकदा महाग पडते.

सवलत जागेच्या प्रकारावर ठरते, हे पुष्कळांना प्रवेश घेतल्यावर कळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मे शिक्षण शुल्क मिळते. मात्र प्रवेश ‘कॅप’मधूनच झालेला हवा. संस्था पातळीवरच्या जागेला ही सवलत नाही, खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठालाही मुलींची माफी लागू नाही. म्हणजे एकाच मुलीला एका जागेवर शुल्क शून्य आणि दुसऱ्या जागेवर पूर्ण. महाविद्यालयांच्या क्रमवारीतल्या दहा-वीस क्रमांकांच्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

आता कमाई. ‘एनआयआरएफ’ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी महाविद्यालये जी माहिती भरतात, ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. तिथे प्रवेशक्षमता, वेळेत उत्तीर्ण, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी मिळतो तो) असे रकाने असतात. यातला मध्यक पगार एकटा वाचू नये. समजा प्रवेश १००, वेळेत उत्तीर्ण ७८, नोकरी २२ आणि उच्च शिक्षण ३०. मग मध्यक पगार त्या २२ जणांचा आहे, शंभरांचा नव्हे. उरलेल्या २६ उत्तीर्णांचा पत्ताच नाही.

‘वेळेत उत्तीर्ण’ हा रकाना सहसा कोणी पाहत नाही, खरे तर तो सर्वांत बोलका. फार्मसी कौन्सिलच्या नियमानुसार पहिल्या दोन सत्रांचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्रात बसता येत नाही. मुले अडकतात ती इथे. एक वर्ष गेले की वसतिगृहाचे वर्ष वाढते आणि कमाईचे एक वर्ष बुडते. चार वर्षांचा हिशेब पाचावर जातो.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे, हेही सांगायला हवे. सीटीसी, म्हणजे कंपनीचा एका कर्मचाऱ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ३ लाख म्हणजे महिना २५,००० दिसतात. मूळ वेतन १२,५०० धरले, तर कंपनीचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटी सुमारे ६०० आणि वर्षअखेरीस मिळणारा दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) म्हणजे २,५०० बाजूला जातात. उरले २०,४००. त्यातून स्वतःचा पीएफ १,५००, व्यवसाय कर २०० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) दीडेकशे कापले की हातात साडेअठरा हजार. कंपनीने ईएसआयचा आपला वाटाही सीटीसीत धरला, तर त्याहून कमी. एमआरच्या (औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या) नोकरीत प्रवासभत्ता आणि इन्सेंटिव्हही पॅकेजमध्ये घालतात, हा तर जुनाच खेळ. बोईसर-तारापूर किंवा वाळूजच्या कारखान्यात क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागलेला आणि पुण्यात फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामात) लागलेला यांचे पॅकेज सारखे असले, तरी खोलीभाडे सारखे नसते.

एम. फार्म.ला जाणाऱ्यांची नोंद ‘उच्च शिक्षण’ या एकाच शब्दात संपते. जीपॅट ही एम. फार्म. प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये, म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० मिळतात. बाकीचे पदरमोड करून शिकतात. महाविद्यालयाला ‘जीपॅट किती जण सुटले’ एवढा प्रश्न विचारला, तरी अध्यापनाचा दर्जा बराचसा कळतो.

नव्या महाविद्यालयांची गोष्ट वेगळी. नवी महाविद्यालये काढण्यावर कौन्सिलने घातलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये टिकू दिली नाही, त्यानंतर राज्यात फार्मसी महाविद्यालयांचे पेवच फुटले. ज्याची पहिली तुकडी २०२३-२४मध्ये आली, तिथून २०२७च्या आधी कोणी पदवीधर बाहेर पडणार नाही. तिथे प्लेसमेंटचा फलक दिसला तर तो कोणाचा, हे पालकांनी बेधडक विचारावे. अशा ठिकाणी पहिल्या चार सत्रांचे निकाल आणि वर्षभर टिकलेले अध्यापक एवढेच पाहण्यासारखे.

डी. फार्म. करून दुकान काढायचे असेल, तर हिशेबच निराळा. दोन वर्षे आणि ५०० तासांचे प्रशिक्षण, मग फार्मासिस्ट म्हणून नोंदणी. नंतर हवे तर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला. मात्र नोंदणी प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानावर टांगून मिळणाऱ्या ‘घरबसल्या’ पैशाला कोणी कमाईत धरू नये. फार्मसी कायद्याच्या कलम ४२प्रमाणे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते.

सीईटी कक्षाला विनंती अशी : पसंतीक्रम भरण्याच्या पानावर प्रत्येक महाविद्यालयापुढे चार वर्षांचे एकूण शुल्क, वेळेत उत्तीर्ण, नोकरी लागलेले, जीपॅट उत्तीर्ण आणि मध्यक पगार हे पाच रकाने असावेत, तेही प्रवेश घेतलेल्यांच्या संख्येसह. जे महाविद्यालय माहिती देणार नाही, त्याच्या रकान्यात ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, सातारा