बाबा, फोन आईकडे देऊ नका

बीजिंग,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन ठेवून दोन तास झाले. इथे अडीच वाजलेत, म्हणजे तिकडे बारा. आईचा कुकर उतरला असेल आणि बाबा पेपर मांडीवर घेऊन दारातल्या उन्हात बसले असतील. हे पत्र मी हातानं लिहून त्याचे फोटो दादाला मेल करतेय. त्यानं ते मोठं छापून आणावं आणि सावकाश, थांबत थांबत वाचून दाखवावं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबांना एखादी ओळ स्वतः वाचावीशी वाटली तर वाचू दे, मध्येच पुढचा शब्द सांगू नको रे दादा.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं देते. थंडी आहे, रात्री पारा शून्याच्या खाली जातो. पण खोलीत बिलकुल गारठा नाही. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरला सगळ्या इमारतींच्या पाइपांत गरम पाणी सोडतात, ते १५ मार्चपर्यंत चालू असतं. तू दिलेली चादर तरीही रोज अंगावर घेते. तिला अजून आपल्या कपाटाचा वास आहे. पैशांची ओढाताण नाही. फी आणि खोली शिष्यवृत्तीतून भागते, वर महिन्याला ३,००० युआन मिळतात आणि ते मला पुरतात. कडक भाकरीचा शेवटचा तुकडा नोव्हेंबरात संपला. शेंगाचटणी आहे अजून, चमच्यानं मोजून खाते. आणि एक सांगायचं राहिलंच होतं. इथे कँटीनमध्ये सकाळी पिवळी पातळ पेज मिळते. पहिल्या दिवशी तोंडात घेतली आणि ओळखीची वाटली, तर ती राळ्याची निघाली! आजी करायची तीच, फक्त मीठ नसतं. ज्वारीही आहे इथे, पण तिची भाकरी करत नाहीत, दारू गाळतात. हे ऐकून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे.

गरम पाणी मात्र तुझ्यासारखंच सगळे पाजतात. डोकं दुखलं, गरम पाणी पी. पोट बिघडलं, गरम पाणी पी. मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ आहे, संध्याकाळी सगळ्या मुली थर्मास घेऊन तिथे रांगेत असतात. माझं निम्मं चिनी बोलणं त्या रांगेत झालंय.

आता बाबा, तुमच्याशी बोलते.

आज तुम्ही फोनवर 'हं' म्हणालात, बोटानं दोनदा टक टक केलंत आणि फोन आईकडे दिलात. गेल्या रविवारीही तसंच झालं, त्याच्या आधीच्याही. व्हॉट्सॲप इथे चालत नाही, वीचॅटवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे, म्हणून आपलं बोलणं नुसत्या आवाजावर आलंय. तुमचं अर्धं बोलणं आता डाव्या हातात आणि डोळ्यांत असतं, आणि ते मला इथून दिसत नाही. ती टक टक मला कळते. मी सप्टेंबरात निघाले तेव्हा स्टँडवर तुम्ही डावा हात वर करून हवेतच दोनदा दोरी ओढली होतीत, कंडक्टर असताना गाडीत ओढायचात तशी. डबल बेल. जाऊ दे गाडी. फेब्रुवारीत तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला, जुलैत माझी शिष्यवृत्ती आली, आणि मी जावं की नाही यावर घरात आठ दिवस कुणीच धड बोलत नव्हतं. तुम्ही तीन शब्दसुद्धा सलग बोलू शकत नव्हतात, तरी निर्णय तुम्हीच दिलात. ती दोरी मी रोज आठवते.

पण मला एवढ्यावर भागवायचं नाही, बाबा. का ते सांगते.

आमच्या गेटाबाहेर एक बाई सकाळी वाफवलेले बाओत्स विकते. मैद्याचे असतात, आत पालेभाजी. पहिल्याच आठवड्यात मी तिच्याकडे चार मागितले. चिनीत चारला 'स' आणि दहाला 'श', पुढे स्वर म्हणावा असा जवळजवळ काहीच नाही. चारचा सूर खाली आपटायचा, दहाचा वर न्यायचा. माझा 'स' घाईत 'श' झाला आणि सूर वर गेला. तिनं दहा भरले. मला दिसत होतं ती दहा भरतेय. मला 'चार' माहीत होतं, 'नको' माहीत होतं, 'चूक झाली' माहीत होतं. पुण्यात दोन वर्षं शिकून आले होते मी. मागे रांग होती, ती काहीतरी भराभरा विचारत होती, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. जीभ जड झाली, कान तापले. मी मोबाइलवर कोड स्कॅन केला, दहाचे पैसे दिले आणि पिशवी घेऊन निघाले. समजावण्यापेक्षा पैसे देणं सोपं होतं.

त्याच रविवारी आई फोनवर म्हणाली, "हे हल्ली दुसऱ्यांदा भात वाढला तरी नको म्हणत नाहीत, गप खातात." आई, त्यांना भात नको होता गं. 'नको' आत होतं, बाहेर येत नव्हतं. मी खोलीत ते दहा बाओत्स समोर घेऊन बसले होते आणि मला पहिल्यांदा कळलं की फेब्रुवारीपासून बाबांचा प्रत्येक दिवस असा चाललाय. आम्ही सगळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचो, जणू ऐकू येत नाही. त्यांचं वाक्य आम्ही पुरं करायचो. मी सगळ्यांत जास्त. बाबा, त्याबद्दल मला माफ करा. इथे कुणी माझं वाक्य घाईनं पुरं केलं की मला पुढे बोलावंसंच वाटत नाही.

आमच्या बाई तसं करत नाहीत. वर्गात आम्ही अठरा जण, बाई साधारण आईच्या वयाच्या. प्रश्न विचारतात आणि थांबतात. दहा सेकंद, पंधरा सेकंद, खिडकीबाहेर बघत नाहीत, घड्याळ बघत नाहीत, तोंडाकडेही टक लावत नाहीत, फळा पुसत उभ्या राहतात. पहिल्या महिन्यात मला ती शांतता सोसवायची नाही. आता तिच्यातच माझे शब्द येतात. आई, दादा, वहिनी, तुम्ही हे घरी करून बघा. प्रश्न विचारायचा आणि हातात काहीतरी काम घ्यायचं.

आपली मराठी इथे फार उपयोगी पडते, बाबा. इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलामुलींना प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक कानाला लागता लागत नाही. चिनीत सगळा खेळ त्यावर आहे. आणि च! पुस्तकात रोमन अक्षरांत दोन वेगळे उच्चार दिलेले असतात, सगळे त्यावर अडतात. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडे एकाच शब्दात हे दोन्ही आहेत: चिंच. पहिला च वेगळा, शेवटचा वेगळा. त्यांनी दोनतीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून बघितलं. बीजिंगमधला ज इथे चिंचेतल्या पहिल्या च सारखा म्हणतात, बाओत्समधला त्स शेवटच्या च सारखा. तुम्हीसुद्धा म्हणून बघा, जीभ दातांमागे कुठे लागते ते बघा. स्पीच थेरपीच्या मॅडम तुम्हाला आरशासमोर बसवतात ना, माझ्याही टेबलावर आरसा आहे.

आमच्या मजल्याची साफसफाई बघणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे 'आयी' म्हणतात. चिनीत तो शब्द मावशीचा आहे, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला त्यानं हाक मारतात. पहिल्या आठवड्यात जिन्यात कुणीतरी "आयी!" असं ओरडलं आणि माझं काळीज लक्कन हललं. आता सवय झाली, तरी रोज एकदा तरी मान वळते. परवा त्या आयी दारावर चिकटवायला एक सूचना लिहीत होत्या, गरम पाण्याचा नळ दोन दिवस बंद राहणार म्हणून. लिहिता लिहिता थांबल्या. पेन कागदावर टेकलेलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं तळहातावर रेघा ओढून बघत होत्या. पन्नाशीच्या बाई, जन्मभर चिनी बोललेल्या, आणि एक अक्षर आठवेना. मग हसून त्यांनी मोबाइल काढला, त्यात बघितलं आणि लिहिलं. मी वर्गात सांगितलं तर बाई म्हणाल्या, यासाठी चिनीत चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे: लेखणी उचलली की अक्षर विसरतं. मोबाइलवर टाइप करायची सवय लागल्यापासून शिकलेल्या लोकांचंही असं होतं म्हणे. कुणी त्यावरून कुणाला वेडं समजत नाही. तळहातावर रेघा ओढतात, वाट बघतात. 'विसरणे' हे अक्षर लिहिताना वर 'नाहीसं होणं' आणि खाली 'मन' काढतात. मला ते पटत नाही, बाबा. तुमच्या बाबतीत तर नाहीच. तुमच्या मनातलं काहीही नाहीसं झालेलं नाही, हे मला त्या बाओत्सवालीसमोर उभं राहून कळलंय.

मागच्या शनिवारी, ६ तारखेला, शिच्याच्वांगला जाऊन आले. साधारण पावणेतीनशे किलोमीटर, वेगवान रेल्वेनं तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. आपल्या सोलापूर–पुणे रस्त्यापेक्षा जरा लांबच, त्या अंतराला तुमची गाडी किती तास घ्यायची ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या हुतात्मा स्मारकात डॉ. कोटणीसांचा पुतळा आणि कबर आहे. तुम्ही लहानपणी मला त्यांची गोष्ट सांगायचात: सोलापूरचा मुलगा, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारला, वय अवघं ३२. त्यांच्या चिनी नावाचा उच्चार 'ख तीह्वा' असा आहे. मी सोलापूरची म्हटल्यावर आमच्या बाईंच्या तोंडून पहिल्यांदा तेच नाव आलं होतं. मी फुलं ठेवली, थोडा वेळ उभी राहिले. तुम्ही गोष्टीत सांगत नव्हतात ते मला इथे आल्यावर कळलं: ते चिनी शिकले आणि मग चिनीतूनच विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवायचे. जखमी माणूस समोर आणि तोंडात शब्द नाही, असे त्यांचे पहिले महिने कसे गेले असतील? गोष्टीतले पराक्रम सगळे सांगतात. मला त्यांचे ते महिने जाणून घ्यायचे होते.

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला की तुम्ही पाणी मागताना अडता, पण आरती सुरू झाली की सगळी म्हणता, आणि एक ते शंभर आकडे सुटतात. मॅडमनी सांगितलंय की तोंडपाठ असलेली माळ पुष्कळदा शाबूत राहते. मग मला आठवलं की तुम्हाला आणखी एक माळ पाठ आहे. सव्वीस वर्षं तुम्ही सोलापूर–पुणे गाडीत थांबे पुकारले. सुट्टीत मी तुमच्याबरोबर यायचे, तुमच्या मागच्या सीटवर बसून. तिकिटांच्या ट्रेवर पंचची टिकटिक आणि दारातून तुमचा आवाज. मी इथे १३ नंबरच्या मेट्रोनं जाते तेव्हा प्रत्येक स्टेशनाआधी एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, 'श्या यी चान', म्हणजे पुढचा थांबा. ती म्हणते आणि तिच्यामागे मी म्हणते, हळू आवाजात, सूर सांभाळून: शिचमन, ताचुंगस, चिछुन्लू, वूताओखौ. शेवटचं माझं. असेच मी सूर शिकले, बाबा. पुस्तकातून नाही.

तर पुढच्या रविवारी, २१ तारखेला, तिकडच्या सकाळी दहाला फोन करीन. आई, फोन त्यांच्या डाव्या कानाला लाव आणि तू स्वयंपाकघरात जा. मी पाच मिनिटं तुझ्याशी नंतर बोलेन. बाबा, फोन आईकडे देऊ नका. टक टकही चालेल, पण नंतर. मी आधी माझी चार स्टेशनं म्हणेन. कुठे चुकले तर चुकले. मग मी सोलापूर म्हणेन आणि थांबेन. मोहोळ यायला पाच मिनिटं लागली तरी लागू देत, मिनिटाचे पैसे मी आधीच भरलेत. एका रविवारी मोहोळपर्यंत गेलो तरी चालेल. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण पुढच्या महिन्यात.

ऑक्टोबरच्या शेवटी कोलकाता ते ग्वांगचौ थेट विमान परत सुरू झालंय, पाच वर्षांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं येते. आई, बाबांची बीपीची गोळी रात्रीची की सकाळची ते कागदावर लिहून फ्रिजला लाव, दादाला परवा शंका आली होती. शेंगाचटणी कुणी येणार असेल तर पाव किलो पाठव. वहिनीला आणि छोटूला आशीर्वाद.

तुमची लेक,
शमा

ता. क. बाबा, शेटफळ आधी की मोडनिंब, हे मला नेहमी चुकतं. ते तुम्ही सांगा.