गुजरीतल्या त्या कारागीर काकांचे आभार

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आम्हा भावांची दुकानं शेजारी-शेजारी, पण वाटणीनंतर सहा वर्षं बोलणं बंद. परवा लग्नाचा कोल्हापुरी साज (गळ्यातला हार) द्यायच्या आदल्या रात्री माझा कारागीर तापाने आडवा. त्याच्या 21 पानांतली, म्हणजे मासा, कासव अशा आकारांच्या पदकांतली, सात ओवायची बाकी, त्यात माशाचा डाग (झाळून जोडलेला सांधा) सुटलेला. दादाकडचे बंगाली काका घरी निघाले होते. काही न विचारता बसले, फुंकणी घेऊन डाग लावून दिला. पैसे घेतले नाहीत. उलट पलीकडे जाऊन दादालाच घेऊन आले आणि चहाचे दोन्ही कप मुद्दाम एकाच पाटावर ठेवले. दादाने साज तळहातावर धरला. "कासव उलटं ओवलंयस रे." सहा वर्षांतलं पहिलं वाक्य! सरळही त्यानेच केलं.

काका, नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. चहा मात्र आता रोज इकडेच.