पहिल्या रात्रीचा ओव्हर

कराड,
बुधवार, दुपार

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मी फोन आपटला असं मानसीला वाटलं असेल तर तिला सांग, आपटला नाही, ठेवला. "आई, तू अजून घोषणांतच अडकलीयस" असं तू म्हणालास, त्यावर तिथेच बोलले असते तर जास्तच बोलले असते. म्हणून लिहिते. पत्रात मधे कुणी "अगं ऐक तरी" म्हणत नाही, तेवढाच फायदा.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांचं गुडघ्याचं तुला ठाऊकच आहे, त्यात झोप नाही. ओवीचा दात पडला म्हणे. आपल्याकडे कौलावर टाकायचा असतो, तुमच्या चौदाव्या मजल्यावर कौल कुठलं! पुडीत बांधून ठेव, इकडे आलात की टाकू.

तुमच्या सिस्टर्सनी संपाची नोटीस दिली आणि त्यांच्या जागी साठ मुली बाहेरून आणायचं काम तुझ्याकडे आलं, हे तू मला कौतुकाने सांगितलंस. "सगळ्यांना सोडून माझ्यावर टाकलंय" म्हणालास. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात तुझ्यावर टाकतात याचा मला अभिमान आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे राहून जाईल. कोविडमध्ये तू तिथेच सतरंजीवर झोपत होतास तेव्हा मी सगळ्या कॉलनीला सांगत सुटले होते.

पण मी एकच विचारलं होतं आणि त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. पहिल्या रात्री त्या मुलींना ओव्हर कोण देणार?

ओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवणं, नुसती रजिस्टरवरची सही नव्हे रे. सात नंबरचे काका "जेवलो" म्हणतात आणि ताट तसंच परत जातं, म्हणून इन्सुलिन द्यायच्या आधी ताट बघायचं. अकरा नंबरच्या बाईंच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी केलेला फिस्टुला आहे, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही. पोटॅशियमच्या अँप्युल्स कुठल्या कपाटात वेगळ्या ठेवल्यात, क्रॅश कार्टची, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीची, किल्ली कुणाच्या खणात असते, कुठल्या डॉक्टरांना रात्री दोनला उठवलं तरी चालतं आणि कुणाला दोनदा फोन लावल्याशिवाय ते उठत नाहीत. यातलं निम्मं फाईलीत नसतं. ते एका सिस्टरच्या तोंडून दुसरीच्या कानात जातं. ज्यांच्या तोंडून जायचं त्या गेटबाहेर बसलेल्या असणार. मग?

तू म्हणालास, मुली अनुभवी आहेत, दोन-दोन वर्षं आयसीयू केलेल्या. असतील. हुशारीबद्दल मी बोलतच नाहीये.

मी स्वतः तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सिव्हिलला संप झाला होता. संप सिस्टर्सचा, आणि वॉर्डात आम्ही विद्यार्थिनी. कुणी विचारलं नाही, मेट्रननी होस्टेलला येऊन याद्या वाचल्या. मेल सर्जिकलला नाइट, मी आणि माझी एक मैत्रीण, चाळीस खाटा आणि खाली जमिनीवर गाद्या त्या वेगळ्या. मध्यरात्रीनंतर एका पेशंटला उलटी होऊन श्वास अडकला. सक्शन मशीन कोपऱ्यात होतं, झाकून व्यवस्थित ठेवलेलं. बटण दाबलं, काही नाही. ते कित्येक महिने बंद होतं आणि वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर्सना ते माहीत होतं. चालू मशीन फिमेल वॉर्डातून आणायचं, आणि त्याची पिन दाराशेजारच्या सॉकेटमध्येच बसते, हेही माहीत होतं. आम्हा दोघींना सोडून सगळ्यांना. मावशींना ठाऊक होतं म्हणून त्या धावल्या. मी तोवर त्याला कुशीवर घेऊन बोटाला गॉज गुंडाळून तोंड साफ करत होते. वाचला तो. वाचला म्हणून ही गोष्ट कुणाच्या लक्षातही नाही. गेला असता तर माझ्या नावानिशी सगळ्यांना पाठ असती, आणि ज्यांनी याद्या वाचल्या त्यांचं नाव कुठेही आलं नसतं.

आता याद्या तू वाचणार आहेस. म्हणून माझा जीव खालीवर होतोय, घोषणांमुळे नव्हे.

तू मला न्यूयॉर्कचा अभ्यास ऐकवलास. संपाच्या काळात दाखल झालेल्यांत मृत्यू 18-19 टक्क्यांनी वाढले, म्हणून आई, कुणीतरी वॉर्डात असलंच पाहिजे. मी आपल्या स्नेहलकडून तो काढून वाचून घेतला. 1984 ते 2004 मधले तिथल्या नर्सेसचे संप आहेत त्यात, आणि आकडाही तू सांगितलास तोच आहे. पण त्याच्याच पुढे लिहिलंय की ज्या हॉस्पिटलांनी बदली माणसं आणली, त्यांची अवस्था न आणणाऱ्यांपेक्षा काही बरी नव्हती. तेवढं तू गाळलंस. मुद्दाम नसशील गाळलं, घाईत राहिलं असेल. आणि संपाने माणसं मरतात हे मला पटत नाही असं नाही हं. पटतं. म्हणूनच तर संपाला बसताना पोटात गोळा यायचा.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी बसलो होतो, 14 ते 20, तेव्हाचं तुला कधी सांगितलं नाही. माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. मला पेन्शन होतीच, माझी नोकरी 1 नोव्हेंबर 2005 च्या कितीतरी आधीची. नंतर लागलेल्या पोरींसाठी बसले. तिकडे विधिमंडळात त्याच आठवड्यात मेस्मा, अत्यावश्यक सेवांतला संप रोखायचा कायदा, मंजूर होत होता आणि इकडे बाबा म्हणत होते, आता शेवटी शेवटी कशाला. आत वॉर्डात नर्सिंगच्या विद्यार्थिनी होत्या. त्यातली एक, ॲप्रनची गाठ सुटलेली, गेटपर्यंत पळत आली आणि मला म्हणाली, "सिस्टर, इन्सुलिन कुठल्या फ्रिजमध्ये असतं?" मी सतरंजीवरून उठले, तिला बाजूला घेतलं, फ्रिज सांगितला, कुणाला किती ते सांगितलं, आणि परत येऊन बसले. घोषणा चालूच होत्या. कुणी काही म्हणालं नाही, कारण प्रत्येकीने दिवसभरात तेच केलं होतं.

तुझ्या मुली गेटवर येऊन विचारू शकतील का? तू म्हणालास, मागच्या दाराने बसमधून आत नेणार, पडदे लावून, आणि संप मिटेपर्यंत बाहेर पडायचं नाही. त्यांना मराठीही येत नाही. म्हणजे जिला माहीत आहे ती बाहेर, जिला हवंय ती आत, आणि मधे तुझे सिक्युरिटीवाले.

आणि त्यांना संप आहे हे सांगितलंयस का? खरं सांग. "शॉर्ट टर्म असाइनमेंट" एवढंच सांगून आणलं असेल तर ते मला आवडलेलं नाही. घरची गरज असते म्हणून पोरी येतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. मीही त्या वयात आले असते. पण कुणाच्या जागेवर चाललोय हे कळून येणं वेगळं आणि बसचा पडदा सरकवल्यावर कळणं वेगळं. महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सगळ्यांचं आहे ना? उद्या काही झालं तर एजन्सी हात वर करेल, हॉस्पिटल एजन्सीकडे बोट दाखवेल, आणि कारणे दाखवा नोटीस त्या पोरीच्या नावाने निघेल. नाहीतर तुझ्या.

बघ, झालं माझं सुरू. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवून बसले होते. तू हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमएचए केलंयस, मी नर्सिंगचं जीएनएम. तुला खाटा, बिलं, विमा कंपन्या, वरचा दबाव हे सगळं एकदम दिसत असणार आणि मला एक वॉर्ड दिसतो. वाईट वाटून घेऊ नकोस.

पण कायद्याचं बोललास म्हणून तेवढं बोलू दे. संप बेकायदा नसताना नवी माणसं भरती करणं ही अनुचित प्रथा, हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात होतं आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्यावर तुझं उत्तर, "आई, आम्ही भरती करत नाही, एजन्सीची सेवा घेतोय." हे तुझं वाक्य नाही. तुझ्या वकिलांचं आहे, ते मला आवाजावरून कळतं. समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी सुरू झाली की संपच बेकायदा ठरतो, हेही त्यांनी शोधून ठेवलं असेल. असू दे. नव्या संहितेत चौदा दिवसांची नोटीस लागते, ती तुमच्या सिस्टर्सनी दिली. ते चौदा दिवस कशासाठी असतात? एकमेकांसमोर बसायला. तुमच्याकडे पहिला फोन एजन्सीला गेला.

त्यांचं मागणं तरी काय आहे? सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितल्यावर केंद्राने नेमलेल्या समितीने लिहून दिलंय की 200 च्या वर खाटा असलेल्या खासगी हॉस्पिटलात नर्सला सरकारी नर्सइतका पगार हवा. तुमच्या खाटा किती ते तूच सांगतोस मिरवून. आयसीयूत एका पेशंटला एक सिस्टर हवी, तुमच्याकडे एका सिस्टरवर तीन पेशंट. आणि एजन्सीला माणशी रोजचे किती देता ते तू बोलण्याच्या भरात सांगून गेलास. मी हिशेब केला, करायला नको होता. आठवड्याभरात तुमच्या एका सिस्टरचा महिन्याचा पगार निघतो त्यात.

बाबांची गोष्ट तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा इथे नव्हतास. एसटीचा तो लांबलेला संप, 2021 च्या दिवाळीपासूनचा. नव्या वर्षात निवृत्त चालकांना कंत्राटावर बोलवायला लागले तेव्हा यांनाही फोन आला. यांचे हात नुसते शिवशिवत होते, तुला माहितीये गाडी म्हणजे यांचा जीव. प्लॉटचा हप्ताही थकला होता. गेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "डेपोत चहाला कुणाबरोबर बसू मग?" एवढंच. पण खेड्यातली पोरं शाळेत चालत जात होती, पाटणकडच्या म्हाताऱ्यांना दवाखान्याला यायला गाडी नव्हती, हेही रोज रात्री तेच बोलून दाखवायचे. दोन्ही त्यांना एकदम वाटायचं. तुलाही तसंच होत असेल तर ते मला समजतं. झोप लागते ना? ॲसिडिटीची गोळी उपाशीपोटीच घे.

एक ऐकशील? कुणालाही आणू नकोस असं मी म्हणत नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूस संप मिटायची वाट बघू शकत नाही. पण आधी खाटा कमी करा. ठरवलेली ऑपरेशन्स पुढे ढकला, गुडघे, मोतीबिंदू, हर्निया थांबू शकतात. ज्यांना हलवता येतं त्यांना दुसरीकडे हलवा. मग जे हलवता येत नाहीत त्यांची यादी घेऊन संपवाल्या मुलींकडे जा, लपूनछपून नाही, समोरून, आणि विचार की यांच्याजवळ तुमच्यातल्या कोण थांबतील. थांबतील. आम्ही 2022 च्या मे मध्ये आउटसोर्सिंगच्या विरोधात बसलो तेव्हाही आयसीयू रिकामं ठेवलं नव्हतं. त्यानंतर जी तूट राहील तेवढ्याच मुली बाहेरून आण, आणि त्यांना तुमच्याच सिस्टरकडून ओव्हर मिळू दे. साठ मुली आणून सगळं हॉस्पिटल भरलेलं ठेवायचं, ओपीडी चालू, बिलिंग चालू, हे पेशंटसाठी नाही रे. हे बाहेर बसलेल्यांना दाखवायला की तुमच्यावाचून अडत नाही. आणि अडतं. रात्री अडतं.

वरचे ऐकणार नाहीत म्हणशील. तू बोलून तर बघ. लिहून दे, तारीख टाकून, एक प्रत स्वतःजवळ ठेव. हे आईपणातून सांगते, कारण काही घडलं तर तुझ्या बाजूने तेवढा कागद असेल. बघ, फिरून फिरून मी तुझ्याच काळजीवर येते, आणि तिकडे पेशंटच्या नावाने भांडते.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. तुमच्या आयसीयूत ती चष्मेवाली आहे ना, नोटिशीवर जिची तिसरी सही आहे, ती आमच्या इन्चार्ज सिस्टरांची धाकटी. तिचा मला रविवारीच फोन आला होता. तू माझा मुलगा हे तिला माहीत आहे, तरी केला. मी तिलाही झापलं, आयसीयू सोडून सगळ्याजणी उठलात तर माझ्याशी बोलू नका म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, आम्ही यादी तयार ठेवलीय कोण थांबणार त्याची. पण घ्यायलाच कुणी येत नाही."

तेव्हा तू जा. तिचा नंबर मानसीला पाठवलाय.

संप झालाच तर मी शनिवारच्या एसटीने येतेय. तुमच्याकडेच उतरेन, ओवीला बघायचंय, पण दिवसा गेटवर त्यांच्यात बसेन. तुला नोकरीत अडचण होणार असेल तर आधीच सांग, मी तुझं नाव तिथे काढणार नाही, वाटलं तर उतरायला आत्याकडे जाईन. बसणार मात्र आहे. डबा दोघांचा करून आणीन, तू जेवायला बाहेर आलास तर.

तुझी,
आई

ता. क. – बाबांनी पत्र वाचलं. चष्मा शोधायला आले आणि वाचलं. म्हणतात, एवढं लांब कशाला, त्याला म्हणावं उद्या त्याच सिस्टरांबरोबर काम करायचंय.